पुन्हा: पुन्हा: लेकीला पार्क दाखवायचेत, कुठले?

प्रेषक: त्रिमूर्तीनगरवाले (आधी वुडलँड्स)

नमस्कार मंडळी,

सिंगापूर सोडून नागपूरला परत येऊन तीन वर्षं झाली, पण तिथल्या मराठी मंडळाच्या ईमेल यादीतून नाव काही काढलं नाही. गणपतीच्या वर्गणीवरचं भांडण वाचल्याशिवाय करमत नाही. आज मात्र स्वतःच्या कामासाठी लिहितोय.

लेक पावणेचार वर्षांची आहे. दिवाळीत दहा दिवस मिळतात. सिंगापूरचं युनिव्हर्सल, मलेशियातल्या जोहोरचं लेगोलँड, हाँगकाँगचं डिस्नी आणि शेवटी टोकियोचं डिस्नी असे चार पार्क एक्सेलात बसवलेत, रंग देऊन. सोबत आई-बाबा. आईचे गुडघे दुखतात, बाबांना शुगर आहे आणि दोघंही अंडंसुद्धा खात नाहीत. बायको म्हणते, हे वेळापत्रक नाही, शिक्षा आहे.

ज्यांनी लहान मूल घेऊन हे केलंय त्यांनी सांगावं, कोण बरोबर?

---

प्रेषक: लक्ष्मीनगरचं माहेर, क्लेमेंटीचं सासर

वहिनी बरोबर.

मी सध्या माहेरीच आहे. बाहेर पंचेचाळीस, आत कूलर घरघरतोय, पोरगा आजीजवळ झोपलाय, म्हणून निवांत लिहिते. आमचा आता सहाचा आहे. तो तीन ते पाच वर्षांचा असताना तुमच्या यादीतली चारही ठिकाणं आम्ही केली. पण दोन वर्षांत केली, दहा दिवसांत नाही.

एक्सेल बंद करा आणि शिवणाची टेप काढा. लेकीची उंची मोजा. वय लागतं ते तिकिटाला, राइडला लागते उंची. सिंगापूरच्या युनिव्हर्सलमध्ये ट्रान्सफॉर्मर्सला १०२ सेंटिमीटर, ममीला १२२, त्या गॅलॅक्टिका नावाच्या दुहेरी कोस्टरला १२५. टोकियो डिस्नीलँडच्या बिग थंडर माउंटनला १०२. पावणेचारची बरीच पोरं अजून शंभरीच्या अलीकडे असतात.

हा नियम पोरांना रडवायला केलेला नाही. मांडीवर येणारा दांडा ठरावीक मापाच्या शरीरासाठी असतो, त्याहून लहान जीव त्याच्याखालून सटकू शकतो. शेजारी बाबा बसले तर आणखी गंमत. दोघांना मिळून एकच दांडा असेल तर तो बाबांच्या पोटाला अडतो आणि पोरीच्या मांडीवर वीतभर फट राहते. म्हणून "मी धरून बसतो ना तिला" हे तिथे कोणी ऐकत नाही. आमचा एका पार्कात एका सेंटिमीटरने हुकला. पाऊण तास रांगेत उभे होतो. मोजपट्टी रांगेच्या तोंडाशीच लावली होती, ती मी बघितलीच नाही. पोरगा सरळ जमिनीवर लोळला. मीही लोळले असते, पण ड्रेस नवा होता.

आता तिकिटाचं गणित. सिंगापूर युनिव्हर्सलला चार वर्षांच्या आतलं मूल फुकट. टोकियो डिस्नीलाही चौथ्या वाढदिवसापर्यंत फुकट. हाँगकाँग डिस्नीला तीनच्या आत. तुमची आज पावणेचारची, म्हणजे दिवाळीत सव्वाचार. लहानांचं तिकीट सगळीकडे लागणार आणि मोठ्या राइड बहुतेक बंद राहणार. पार्कांच्या हिशोबात यापेक्षा महाग वय नाही. जायचंच तर वाढदिवसाच्या आधी जा, नाहीतर सरळ सहा वर्षांची होईपर्यंत थांबा. अधलंमधलं नको.

दुसरं, घड्याळ. सिंगापूर आपल्यापुढे अडीच तास, टोकियो साडेतीन. सगळे म्हणतात मुलाची झोप बिघडते. मी म्हणते, पहिले तीन दिवस बिघडू द्या. तिकडे रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा लेकीच्या पोटात नागपूरचे सहाच वाजलेले असतात. म्हणजे दिव्यांची मिरवणूक आणि आतषबाजी ती टक्क जागी राहून बघेल. उलट सकाळी गेट उघडायच्या आत पोचायचा हट्ट धरलात तर अर्धवट झोपेतलं, चिडकं गाठोडं कडेवर घेऊन फिराल. आम्ही दुपारी बाराला आत जायचो. दोन-तीनला कुठल्याही वातानुकूलित नाटकाच्या खोलीत त्याला मांडीवर झोपवायचं, नाटक कुठल्या भाषेतलं का असेना. टोकियोत जपानी बोलणाऱ्या लाकडी पक्ष्यांच्या गाण्यात आम्ही तिघंही झोपलो होतो. सबंध सहलीतली सगळ्यात शांत वीस मिनिटं.

आणि ऊन. तुम्ही तिथे राहिलेले आहात, पण तीन वर्षांत विसरला असाल म्हणून सांगते. नागपूरचं मूल ऊन सोसतं हे खरं, पण ते कोरडं ऊन. घाम येतो, उडतो, अंग थंड होतं. आपला कूलर चालतो तोही याच जोरावर. सिंगापुरात पारा बत्तिशीतच असतो, पण हवा ओली, घाम उडतच नाही. पोर लाल होतं आणि घरचे म्हणतात, अगं आपल्या नागपूरपेक्षा कमीच आहे की. दर तासाला सावली आणि पाणी. शिवाय नोव्हेंबरपासून तिथला ओला मोसम. वीज चमकली की उघड्यावरच्या राइड थांबवतात.

लेगोलँडबद्दल चांगलंच सांगेन. २०१२ मध्ये उघडलं, आणि बेतच मुळात दोन ते बारा वयाचा. तुमच्या लेकीला सगळ्यात जास्त तिथे मिळेल. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना तीस दिवसांपर्यंत व्हिसामाफी दिली आहे, ती चालू आहे ना ते निघण्याआधी बघा. सिंगापूरच्या व्हिसावर पुन्हा आत यायची मुभा आहे ना, तेही. वुडलँड्सला राहिलेल्या माणसाला जोहोरला जाणाऱ्या कॉजवे पुलाची रांग मी काय सांगणार! तुआसच्या दुसऱ्या पुलाने जा, पार्क त्या बाजूला जवळ पडतं. आणि शनिवार नको.

पोरगा उठला. बाकीचं नंतर.

---

प्रेषक: टॅम्पनीस ब्लॉकवाला

एवढं घाबरवू नका हो. दोन वर्षांपूर्वी आम्ही सहा दिवसांत तीन पार्क केले, मुलगी चारची होती. एक्सप्रेस पास घ्या, रांगेचा प्रश्नच मिटतो. लहानपणी डिस्नी नाही बघायचं तर काय रिटायर झाल्यावर बघायचं? विमानाचे पैसे एकदाच जातात, त्यात जेवढं बसेल तेवढं बसवा. फोटो तरी राहतात.

---

प्रेषक: मनीषनगरचे काका

भाऊ, तू पोट्टीले घेऊन चालला का स्वतःले, हे आधी ठरव.

आम्ही दोघं म्हातारे मुलाकडे टोकियोले पाच महिने होतो. नातू तवा चार वर्षाचा. डिस्नीले गेलो. बाईनं पहाटे उठून दशम्या आन् बटाट्याची कोरडी भाजी केली होती. तर घरचा डबा आत खाऊ देत नाहीत म्हने! गेटाबाहेर बाकडे टाकलेली जागा हाये, तिथं बसून खा, मंग आत जा. आम्ही बसलो तिथंच. जपानी लोकंबी आपापले डबे खाऊन राहिले होते, लाज वाटाचं काही कामच नाही.

आत गेल्यावर शाकाहारी मानसाची पंचाईत. सूप साधं दिसते, पर त्याच्यात मासोळीचा अर्क असते, दाशी म्हनतात त्याले. भाताशिवाय काही खाता नाही ये. शेवटी करीचा वास आला म्हनून पाहाले गेलो, तर पॉपकॉर्न! मसाला मारलेले. बाईनं दोन डबे संपवले आन् म्हने, हे आपल्या सीताबर्डीवर चाललं असतं.

एक इशारा: संत्री नेऊ नका. मुलाच्या शेजाऱ्याले द्याव म्हनून मी काटोलची दोन किलो बांधली होती. जपानमध्ये ताजं फळ तपासणीच्या सरकारी कागदाशिवाय आत येऊच देत नाही. विमानतळावर काढून ठेवा लागली. एवढ्या गोड संत्र्याचा कचरा होताना पाहाले मन होत नव्हतं, बाप्पा.

आता खरी गोष्ट. नातवाले डिस्नीतलं काय आठवते? काही नाही. आसाकुसाच्या देवळामांगं हानायाशिकी नावाचं एक बारकं पार्क हाये, ते आठवते. १८५३ मध्ये फुलांची बाग म्हनून सुरू झालं, जपानातलं सगळ्यात जुनं. तिथली कोस्टर १९५३ ची, अजून चालते. लोकाइच्या घराच्या भिंतीजवळून खडखड खडखड जाते, वाटते आता कोनाच्या सैपाकघरातच शिरते. नातू त्या कोस्टरीत नाही बसला, त्याची उंची नव्हती. पर खाली उभा राहून तासभर नुसता पाहत होता. पैसे बुडाले म्हनाव का वसूल झाले, तूच सांग.

आन् मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वेचं म्युझियम दाखवलं का पोट्टीले? नसन दाखवलं तर आधी ते दाखव. तिथल्या बारक्या गाडीत बस म्हनाव. गाडीत बसून पोट्टी हासते का रडते, हे नागपुरातच समजून जाईन, हाँगकाँगले जाऊन कायले पाहाचं?

---

प्रेषक: लक्ष्मीनगरचं माहेर, क्लेमेंटीचं सासर

काका, नमस्कार. संत्र्यांचं वाचून जीव हळहळला.

टॅम्पनीसच्या दादांना: एक्सप्रेस पासने रांग कमी होते, उंची वाढत नाही. चार वर्षांच्या मुलासाठी तो घेणं म्हणजे ज्या राइडला रांगच नसते तिथे पैसे भरून पुढे जाणं. त्यापेक्षा आळीपाळीची सोय वापरा. युनिव्हर्सलमध्ये तिला चाइल्ड स्विच म्हणतात. एकाने मुलाजवळ थांबायचं, दुसऱ्याने राइड करून यायचं, मग पहिल्याने पुन्हा रांग न लावता जायचं. राइडच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला आधीच विचारा, आपणहून कोणी सांगत नाही. तुमच्याकडे तर आजी-आजोबा आहेत. आजीला बसायला कारण मिळेल आणि वहिनींना चार मिनिटं एकटीने किंचाळायला मिळेल. आईपणात ही चैन कमी आहे का?

डब्याचा नियम सगळीकडे सारखा नाही. शांघाय डिस्नीतही बाहेरचं खाणं नेता येत नव्हतं. २०१९ मध्ये कायदा शिकणाऱ्या एका मुलीने बॅगेतल्या खाऊवरून त्यांना कोर्टात खेचलं, तेव्हा कुठे त्यांनी नियम सैल केला. वऱ्हाडातली असती तर मिरवणूक काढली असती आपण तिची. बाबांच्या शुगरचं मात्र गेटावर आधी सांगा, औषधाबरोबर लागणाऱ्या खाण्याला सहसा अडवत नाहीत. मी तर सगळीकडे पर्सच्या तळाशी मुरमुऱ्याचा चिवडा ठेवते. मेतकूट नका नेऊ, सुरक्षेवाला पिवळी पूड हातात घेऊन बराच वेळ माझ्याकडे बघत होता.

आता माझं मत, विचारलंत म्हणून. टोकियो काढा. वाईट आहे म्हणून नाही, १९८३ पासून चालवतायत आणि काय सुंदर चालवतात. पण मोठ्यांचं तिकीट तारखेप्रमाणे ७,९०० ते १०,९०० येन, दोन अख्खे पार्क, लांबलचक चालणं, आणि आईंचे गुडघे. ते पुढच्यासाठी ठेवा. हाँगकाँगचं ठेवायचं असेल तर ठेवा. डिस्नीच्या पार्कांत ते आटोपशीर. सनी बे स्टेशनवरून त्याची स्वतःची छोटी आगगाडी सुटते, खिडक्या मिकीच्या डोक्याच्या आकाराच्या. आमच्या पोराला तीच राइड वाटली. पार्कच्या दाराशी उतरलो तर म्हणाला, परत बसू. आम्ही दोनदा बसलो. दिवाळीत तिथली हवाही छान असते. भारतीय पासपोर्टवर हाँगकाँगला जायचं तर आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, फुकट आहे, विसरू नका.

पण खरं विचाराल तर नागपूरहून पूर्वेकडच्या या देशांना थेट विमान नाही. मुंबई किंवा दिल्ली करून जायचं म्हणजे जाण्यात एक दिवस आणि येण्यात एक दिवस गेलाच. आठ दिवसांत एक देश, फार तर जोहोर. मधल्या दिवशी काहीच नाही. सिंगापूरच्या सेंटोसा बेटाच्या किनाऱ्यावर फुकटच्या गाडीतून इकडून तिकडे करा. गार्डन्स बाय द बेमधली मुलांची पाण्याची बाग फुकट आहे. चांगी विमानतळाजवळच्या ज्युएल मॉलमधला चाळीस मीटरचा धबधबा बघायलाही पैसे पडत नाहीत. माझ्या पोराला विचारलं की सिंगापुरातलं काय सगळ्यात भारी, तर तो धबधबाच सांगतो. राहतो तिथेच, तरीही.

---

प्रेषक: त्रिमूर्तीनगरवाले (आधी वुडलँड्स)

सगळ्यांचे आभार.

रविवारी मोतीबागेत गेलो होतो. काका, पोट्टी हासली. तीन फेऱ्या झाल्या, चौथीला मीच नाही म्हटलं तर रडली. आईंना गाडीत चढवायला दोघांनी हात दिला, त्यावरून मला एक्सेलातल्या बऱ्याच ओळी कशा चुकल्या होत्या ते कळलं.

उंची मोजली. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची रेघ, टेप वहिनींच्या सांगण्याप्रमाणे शिवणाची. संध्याकाळी ९७.५ भरली. सकाळी पुन्हा मोजली तर ९८. बाबा म्हणाले, रात्री झोपेत वाढली. मी वाचलं, तर खरंच माणूस सकाळी थोडा उंच असतो, दिवसभरात मणक्यांमधल्या गाद्या दबतात. या वयात वर्षाला सहा-सात सेंटिमीटर वाढतात म्हणे. म्हणजे दिवाळीत एकशे एक, फार तर दीड. १०२ काही होत नाही.

टोकियो आणि हाँगकाँग दोन्ही पुसले. वाढदिवस ऑगस्टमध्ये आहे. जुलैच्या शेवटी सिंगापूर आणि एक दिवस लेगोलँड, शाळेला चार दिवस बुट्टी. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडते, त्यामुळे महिनाभरातच बुट्टीचा अर्ज घेऊन बाईंपुढे उभं राहावं लागणार. तो अर्ज बायको लिहिणार आहे, कारण मला खोटं कारण सुचत नाही.

युनिव्हर्सल अजून नक्की नाही. तिथे २०२५ मध्ये मिनियनांचा नवा भाग उघडला, त्यातल्या किती राइडला अठ्ठ्याण्णव चालतं, कोणी सांगेल का?