बागोओंगमध्ये मीठ कमी करू नका
'फार खारट होतं, मीठ अर्धं केलं तरी चालेल' असं बागोओंगबद्दल, म्हणजे फिलिपिन्समधल्या मिठात मुरवलेल्या मासळीबद्दल, कुणीतरी म्हटलंय, ते अजिबात पटत नाही. तिथल्या पांगासिनान प्रांताकडे वजनाने साधारण तीन भाग मासळीला एक भाग मीठ धरतात, आणि ते काही चवीसाठी नाही. मीठ कमी पडलं की मासळी मुरायच्या ऐवजी सडते, हिस्टामीन वाढतं, आणि ते शिजवूनही जात नाही. दिलिस (आपल्या मांदेळीच्याच कुळातली बारीक मासळी) धुऊन पूर्ण निथळू द्यायची. पाणी राहिलं तर मीठ पातळ होतं. मीठ तळापर्यंत सारखं चोळायचं, कारण जिथे ते पोचत नाही तिथूनच वास सुटतो.

काही महिन्यांनी वर तांबूस पाणी सुटतं, तेच पातिस (मासळीचा पातळ खारट सॉस). वेगळं करायची गरज नसते. खारटपणा सोसत नसेल तर पिनाकबेतमध्ये (तिथली मिश्र भाजी) बागोओंगच कमी घाला आणि वरून मीठ टाकू नका.