हार्वर्डच्या पुतळ्यात खोटं काय?

प्रश्न: भाचा हार्वर्डला शिकायला गेलाय. त्याने जॉन हार्वर्डच्या पुतळ्याचा फोटो पाठवला, खाली लिहिलं, 'मामा, यात तीन थापा आहेत, ओळख.' मला आपलं बुटाचं टोक तेवढं चकाकताना दिसतंय.

उत्तर: ते पर्यटकांनी हात घासून घासून. चौथऱ्यावर 'जॉन हार्वर्ड, संस्थापक, १६३८' असं कोरलंय. संस्था १६३६ची. हे गृहस्थ संस्थापक नव्हेत, देणगीदार; अर्धी मालमत्ता आणि चारशेच्या आसपास पुस्तकं देऊन गेले. चेहराही त्यांचा नाही. चित्रच उपलब्ध नव्हतं, म्हणून शिल्पकाराने १८८४च्या पुतळ्यासाठी एका विद्यार्थ्याला समोर बसवलं!

उत्तर: आणि ती पुस्तकं १७६४च्या आगीत जवळपास सगळी खाक झाली.

उत्तर: मी तिथलाच. पहिल्या वर्षाची बहुतेक पोरं यार्डात, म्हणजे विद्यापीठाच्या जुन्या आवारात राहतात, जेवायला सगळी एकाच उंच छताच्या, रंगीत काचांच्या हॉलमध्ये. ताट हातात धरून 'आता बसू कुणाशेजारी?' करत मी किती वेळ उभा होतो, विचारू नका. भाच्याला वाइडनर ग्रंथालयात पाठवा. टायटॅनिक बुडाली त्यात गेलेल्या मुलाच्या आठवणीसाठी आईने बांधलेलं, १९१५ साली उघडलं.

प्रश्नकर्ता: उत्तर कळवलं. म्हणतो, 'मामा, कुणाला विचारलंस?'