बालकवींवर प्रदर्शन करायचंय, भिंतीवर काय लावू?

जिन्याखालचा_वाचक
तालुक्याच्या गावी आमचं 'क' वर्गाचं वाचनालय आहे. १३ ऑगस्टला बालकवींची जयंती. त्या आठवड्यात त्यांच्यावर छोटं प्रदर्शन भरवायचं कार्यकारिणीने ठरवलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं. वरचा हॉल वीस बाय चौदा, काचेची दोन कपाटं, हातात आठ हजार रुपये. अध्यक्षांना मोठा फोटो, हार आणि 'श्रावणमासी'चा फ्लेक्स हवाय. एवढ्यासाठी जिना चढून कोण येणार? हस्तलिखितं वगैरे आमच्याकडे काहीच नाहीत. सुचवा.

तापीकाठ
हार घालू द्या, त्यावरून भांडू नका. भिंत तेवढी स्वतःकडे ठेवा.

एक अख्खी भिंत 'औदुंबर'ला द्या. आठच ओळी. नेटवरचा धबधब्याचा फोटो मात्र लावू नका, कवितेची माती होते. त्यात रंग कसे येतात बघा: काठावरची हिरवाळी, निळासावळा झरा, शेतमळ्यांची हिरवी गर्दी, पांढरी पायवाट, शेवटी काळा डोह. याच क्रमाने कार्डशीटचे पट्टे लावा आणि ज्याची ओळ त्याच्यावर लिहा. डावीकडून वाचत निघालेला माणूस त्या पायवाटेसारखाच डोहापाशी पोचेल. तिथे 'पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर' आणि खाली एक वही: 'असला' म्हणजे कसला? शाळेतली पोरं काय लिहितात ते वाचायला मी एसटीने येईन.

नगरी_मिसळ
वरच्या प्रतिसादाला +१.
आयुष्यासाठी लांबलचक चरित्र नको, नकाशा करा. १८९० साली धरणगावात जन्म. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात या सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोंबऱ्यांना अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी 'बालकवी' म्हटलं. मग आमचं नगर, कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं घर. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रातले ठोंबरे वाचून घ्या, फोटोतल्यापेक्षा कितीतरी जिवंत आहेत. शेवटी भादली. नकाशावर बोट ठेवलं की कळतं, जन्म आणि मृत्यू दोन्ही आजच्या जळगाव जिल्ह्यातच.

जिन्याखालचा_वाचक
नकाशा नक्की. पण भादलीचं काय लिहू? ५ मे १९१८, रेल्वेखाली, वय सत्तावीस. एक सदस्य म्हणतात, रुळांचं मोठं चित्र काढू.

संधिप्रकाश
कृपा करून नको. तारीख, गाव, वय, बस्स.
आणि एक सांभाळा. 'पारवा' आणि 'कोठुनि येते मला कळेना' या उदास कविता घ्याच, नाहीतर बालकवी म्हणजे नुसतं ऊन-पाऊस होऊन बसतं. पण त्या मृत्यूच्या फलकाशेजारी लावू नका. तिथे त्या कविता राहत नाहीत, पुरावा होतात, आणि लोक कोपऱ्यात उभे राहून कुजबुजतात. त्या 'आनंदी आनंद गडे'च्या अगदी समोर लावा. दोन्ही एकाच माणसाने लिहिल्यात हे वाचणाऱ्याच्या आपोआप लक्षात येईल.

जुनंपुराणं
हस्तलिखितं नाहीत म्हणून खट्टू होऊ नका. गावात सांगा, घरातली जुनी मराठीची पाठ्यपुस्तकं आणा. बालकवींची कविता नाही असं पुस्तक सापडणं अवघड! समासात पेन्सिलीने लिहिलेले अर्थ, कुणाचं तरी नाव, तुकडी. काचेच्या कपाटात ते पान उघडून ठेवा. पुस्तकवाला चार पाहुणे घेऊन येतोच.
लोकांच्या पुस्तकाला सेलोटेप लावायचा नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही. कपाट खिडकीपासून लांब. ऑगस्टची ओल आहे, रोज संध्याकाळी बघत जा. कुणाचं काय घेतलं त्याची वही करा. हे मी एकदा केलं नव्हतं, अजून एक काकू बोलत नाहीत.

तापीकाठ
कॉपीराइटची काळजी नको, बालकवींच्या कविता कधीच मुक्त झाल्यात. नव्या आवृत्त्यांमधल्या प्रस्तावना आणि चित्रं मात्र उचलू नका. आणि अक्षर मोठं ठेवा, फलक पाचवीच्या पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर. मोठी माणसं वाकतील.

जिन्याखालचा_वाचक
सगळ्यांचे आभार. अध्यक्षांना रंगीत पट्टे पटले. अट एकच, फ्लेक्स राहणार. तो खाली दारावर लावतोय, जिन्याची खूण म्हणून. पाठ्यपुस्तकं कालपासून सात आली, त्यातल्या चारांत 'श्रावणमासी'वरच खुणा! काळी कार्डशीट आमच्या स्टेशनरीवाल्याकडे संपलीय. डोह जुन्या छत्रीच्या कापडाचा केला तर चालेल?

तापीकाठ
चालेल काय, धावेल. काड्या तेवढ्या काढा.