मदत हवी आहे: फेझंटसाठी १२ गेज की २० गेज?

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत साउथ डकोटात राहतो. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी फेझंटच्या (रानकोंबड्यासारखा पक्षी) शिकारीचा हंगाम सुरू होतो, आणि यंदा पहिल्यांदाच लायसन्स काढून जायचं ठरवलंय. बंदुकीपाशी गाडी अडलीय.

शेजारच्या आजोबांनी त्यांची १२ गेज हाताळायला दिली (गेज म्हणजे नळीचं माप; आकडा लहान तितकी नळी रुंद). कापणी झालेल्या मक्याच्या रानातून तासभर नुसती धरून चाललो, तरी डावं मनगट भरून आलं. त्यांचीच २० गेज मात्र खांद्याला अलगद बसली.

पण इथे बऱ्याच सरकारी जमिनींवर शिशाचे छर्रे चालत नाहीत, पोलादी लागतात. पोलाद हलकं, म्हणून छर्रा मोठा घ्यायचा, आणि २०च्या काडतुसात तसे कमीच मावतात. नर फेझंट चिवट असतो. जखमी होऊन उंच गवतात हरवला तर मला ते फार लागेल.

दोन्ही बंदुका घेणार नाही. २०चं पिवळं काडतूस चुकून १२मध्ये गेलं तर नळीत पुढे अडकतं. मागून दुसरं उडवलं की नळी फुटते.

कुत्रा सोबत असेल, ३० यार्डांपलीकडे बार टाकणार नाही. मग ३ इंची चेंबरची (काडतूस बसतं ती जागा) २० गेज पुरेल का? चोक (नळीच्या तोंडाशी छर्ऱ्यांचा पसारा आवरणारा भाग) कोणता लावता? पोलादी छर्रे वापरलेल्यांनी कृपया सांगा.