मदत हवी आहे : डी अँड डी कॅम्पेनमध्ये पात्रांच्या लौकिकाचा हिशोब कसा ठेवू?

नमस्कार मंडळी,

आम्ही डी अँड डीची (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलवर बसून पात्रं साकारायचा खेळ) पाचवी आवृत्ती खेळतोय. साहस आहे २०१४च्या स्टार्टर सेटमधलं 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्वर', आणि डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी आहे. ज्यांना हे खेळायचंय त्यांनी इथेच थांबा, पुढे रहस्य फुटतं.

फँडालिन गावाला रेडब्रँड्स नावाची गुंडांची टोळी छळतेय. तिचा म्होरक्या ग्लासस्टाफ म्हणजे खरं तर इयार्नो अल्ब्रेक, लॉर्ड्स अलायन्स या शहरांच्या युतीचाच फुटलेला जादूगार. अलायन्सचा सिल्डार हॉलविंटर याला तो जिवंत हवाय, नेव्हरविंटर शहरात नेऊन जाब विचारायला. उलट गावातली हालिया थॉर्नटन आतून झेंटारिम या छुप्या संघटनेची. तिला म्होरक्या कायमचा गेलेला हवाय आणि टोळी स्वतःच्या मुठीत. आमच्या वॉरलॉकने (एका खेळाडूचं जादूगार पात्र) हालियाचं काम गुपचूप पत्करलं. ग्लासस्टाफ शरण आला, काठी खाली ठेवली. त्याच वेळी पॅलाडिन (दुसरीचं धर्मयोद्धा पात्र) दुसऱ्या टोकाच्या कोठडीतून मिर्ना डेंड्रार आणि तिच्या मुलांना सोडवत होती. तेवढ्यात वॉरलॉकने ग्लासस्टाफला संपवलं.

टेबलवर सगळे गप्प झाले. असा प्रसंग मागून मिळत नाही, त्यामुळे त्याचे पडसाद नीट उमटावेत अशी फार इच्छा आहे.

२०१४च्या डीएम्स गाइडमधला (डीएमसाठीचं नियमपुस्तक) रेनाउनचा, म्हणजे लौकिकाचा, पर्यायी नियम वाचला. फॅक्शनचं (गटाचं) हित साधलं की १ गुण, फॅक्शनने नेमून दिलेली कामगिरी फत्ते केली की २, आणि १, ३, १०, २५, ५० अशा टप्प्यांवर हुद्दे. पण तो मोजतो संघटनेतली बढती. गावकऱ्यांना काय वाटतं हे त्यात येत नाही, शिवाय रेनाउन शून्याखाली जातच नाही. म्हणजे बदनामीला जागा नाही.

तर विचारायचंय असं की, लौकिक अख्ख्या पार्टीचा (खेळाडूंच्या पात्रांच्या चमूचा) धरावा की एकेका पात्राचा? वाईट नाव कसं मोजावं? आणि हे सगळं सेशन चालू असताना हाताळता येईल इतकं सुटसुटीत ठेवायचं कसं?

प्रतिसाद १

पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत, गेममास्टरी गाइडमध्ये (२०२०) तयार पद्धत आहे. प्रत्येक गटाकडे −५० ते +५० असा आकडा. −४ ते +४ म्हणजे तुमची दखलच नाही. ५ला तुम्ही आवडते होता, १५ला मान मिळतो, ३०ला पूज्य. खाली −५ला नावडते, −१५ला द्वेष, −३०ला तुमची शिकार सुरू. उणे बाजू हवी असेल तर हीच उचला, डी अँड डीत काहीही न मोडता बसते.

प्रतिसाद २

पन्नास पायऱ्या कोण मोजत बसणार? 'ब्लेड्स इन द डार्क' या खेळात (२०१७) प्रत्येक फॅक्शनशी नातं फक्त −३ ते +३. +३ला मित्र, −३ला उघड युद्ध. सात पायऱ्या डोक्यात राहतात, पान उलटावं लागत नाही.

धागाकर्ता

दोघांचे आभार. ब्लेड्सची पट्टी आवडली, पण तिथे नातं पूर्ण टोळीचं असतं. माझ्याकडे पॅलाडिनला मिर्ना दुवा देतेय आणि वॉरलॉकच्या हाताला रक्त लागलंय. दोघांना एकच आकडा दिला तर पॅलाडिन खेळणारीवर अन्याय होतो. वेगवेगळे आकडे दिले तर चार खेळाडू गुणिले पाच-सहा गट, एवढी कोष्टकं होतात. आणि खरी अडचण वेगळीच आहे. वॉरलॉकने काय केलं हे गावात अजून कोणालाच माहीत नाही! मग गुण आत्ता कापू की नंतर?

प्रतिसाद ३

या शेवटच्या ओळीतच तुमचं उत्तर आहे. कृत्य घडलं म्हणून लौकिक बदलत नाही, ते कोणाच्या तरी कानावर गेलं की बदलतो. म्हणून आकड्यांचं कोष्टक बाजूला ठेवा आणि बातम्यांची वही करा.

एका बातमीला चार रकाने : कोणी केलं, लोक काय म्हणतायत, कोणाकोणाला ठाऊक आहे, पुरावा काय. पार्टी आणि पात्र हा वाद इथे आपोआप मिटतो, कारण बातमीतच नाव असतं. 'लाल झगेवाल्यांचा (रेडब्रँड्सचा) नायनाट पाहुण्यांनी केला' ही बातमी सगळ्यांची. 'माझ्या पोरांना पॅलाडिनने बाहेर काढलं' ही एकटीची, आणि ती मिर्ना स्वतः घरोघर सांगणार. 'शरण आलेल्याला मारलं' ही वॉरलॉकची, आणि सध्या ती गावात कोणापाशीच नाही.

त्या बातमीचं वजन ऐकणाऱ्यावर ठरतं. तीच हकिकत ऐकून स्टोनहिल इनचा टोब्लेन सुटकेचा श्वास सोडेल, हालिया खूश होईल, सिल्डारचा चेहरा पडेल. एक बातमी, तीन परिणाम. म्हणून '−२' असं लिहून ठेवण्यात अर्थ नाही. एनपीसी (डीएम चालवतो ते पात्र) समोर आला की त्याने काय ऐकलंय ते बघायचं आणि तिथल्या तिथे ठरवायचं.

नियमाला जोडायचं असेल तर २०१४च्या डीएम्स गाइडमधल्या संवादाच्या नियमात सोय आहे. एनपीसी मित्रभावाचा, तटस्थ किंवा वैरभावाचा, आणि करिश्माच्या (लोकांवर छाप पाडायच्या गुणाच्या) फाशाच्या रोलला डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, १० व २०. तटस्थ माणूस १०ला विनातोशीस मदत करतो, २०ला थोडा धोकाही पत्करतो. वैरी माणूस २०ला कुठे बिनधोक्याचं काम करतो. ऐकलेल्या बातमीने भाव एक पायरी वर किंवा खाली सरकवा, त्याहून जास्त नको. सिल्डार मित्रभावावरून तटस्थावर येईल, आणि तोही फक्त वॉरलॉकपुरता. पॅलाडिन बोलली तर तो पूर्वीसारखाच. मग सिल्डारशी कोण बोलणार हे पार्टीला ठरवावं लागतं. नुसतं एवढं केलंत तरी टेबलवर फरक जाणवेल.

बातमी पुढे जायला तोंड लागतं आणि कारण लागतं. सेशन संपल्यावर वही उघडून प्रत्येक बातमीला विचारा, ही कोण सांगेल आणि का? कारण सापडलं तर एक नाव वाढवा, नाही तर तशीच ठेवा. नेव्हरविंटरला ती व्यापाऱ्यांबरोबर ट्रायबोर ट्रेल या वाटेने हाय रोड या हमरस्त्याला लागून जाणार, म्हणजे काही दिवस. तेवढ्यात पार्टी स्वतः आधी पोहोचून आपली बाजू मांडू शकते.

आणि पत्र विसरू नका! ग्लासस्टाफच्या खोलीत या साहसातल्या मुख्य खलनायकाचं, ब्लॅक स्पायडरचं, पत्र सापडतं, त्यावर अल्ब्रेकचं नाव आहे. हालियाला त्याचे कागदपत्र हवेतच. ते पत्र आत्ता कोणाकडे आहे? सिल्डारच्या हाती लागलं तर मेलेला माणूस गद्दार होता हे सिद्ध होतं, आणि वॉरलॉकच्या कृत्याकडे तो जरा वेगळ्या नजरेने बघेल. हालियाकडे गेलं असेल तर पुरावाही तिचा आणि वॉरलॉकही तिचाच.

प्रतिसाद ४

वरच्याशी सहमत, पण वही खेळाडूंपासून पूर्ण लपवू नका. 'पेंड्रॅगन' या खेळात (१९८५) ग्लोरी (कीर्तीचे गुण) सगळ्यांसमोर मोजतात, आणि ती वाढताना बघायला टेबल आसुसलेलं असतं. पात्राने जे स्वतः ऐकलंय ते खेळाडूला वाचू द्या. बाकीचं तुमच्याकडे. वॉरलॉक खेळणाऱ्याशी मात्र खेळाबाहेर एकदा बोला. परिणाम होणार हे त्याला आधी कळलं तर त्याला ती शिक्षा वाटत नाही, तो त्यातून खेळ उभा करतो.

धागाकर्ता

पत्र वॉरलॉककडेच आहे, आणि त्याने ते अजून कोणाला दाखवलेलं नाही. हे मला सुचलंच नव्हतं, मनापासून आभार.

एक शेवटचं : गेलेली पत परत मिळवायची झाली तर? नुसते दिवस गेले की बातमी विरते असं धरू का?

प्रतिसाद ३

नको. दिवसांवर सोडलंत तर खेळाडू नुसते वाट बघत बसतील. ज्याचं मन दुखावलंय त्याला जे हवंय तेच करून दाखवू द्या. सिल्डारचा दोस्त गुंड्रेन रॉकसीकर अजून क्रॅगमॉ कॅसलमध्ये कैदेत असेल ना? वॉरलॉकने पुढे होऊन त्याला सोडवलं, तर ती नवी बातमी जुनीच्या शेजारी लिहा. जुनी खोडू नका. सिल्डार दोन्ही लक्षात ठेवेल आणि भाव पुन्हा एक पायरी वर येईल.

धागाकर्ता

हो, गुंड्रेन अजून तिथेच आहे, आणि पुढचं सेशन क्रॅगमॉचंच आहे. वही आज करतो. पहिल्या पानावर मिर्ना, सिल्डार आणि हालिया, बाकीचे लागतील तसे. वॉरलॉक खेळणाऱ्याला सेशनआधी फोन करतो. सेशन झालं की काय घडलं ते इथेच लिहीन.