आज्जीच्या वडिलांचं गाव शोधायचंय, चंदगड भाग, 1956 च्या आधीचं रेकॉर्ड कुठं मिळंल?

शिवाजीपेठकर
नमस्कार मंडळी. माझी आज्जी आता ऐंशीच्या पुढं आहे, तिला तिच्या वडिलांचं गावच माहीत नाही. ते मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत गेले ते परत आलेच नाहीत, आज्जी तेव्हा अगदी तान्ही. मग तिची आई तिला घेऊन कोल्हापुरात भावाकडं आली आणि थोड्याच वर्षांत ती पण वारली. मामानं वाढवलं, शाळेत घातलं, लग्न करून दिलं, पण तिकडच्या लोकांचं नाव घरात कुणी काढलं नाही. आम्हाला ठाऊक एवढंच की गाव चंदगडकडचं, वडिलांचं नाव आणि आडनाव, आणि ते आडनाव तिकडं गावोगाव आहे. एका ऑफिसात विचारलं तर म्हणाले गाव आणि गट नंबर आणा. आता गावच माहीत नाही तर गट नंबर कुठनं आणू? आज्जी हल्ली रोज विचारती, म्हणून जरा घाई आहे.

पलटणवाडी
दादा, जमिनीच्या आधी पलटणीचा कागद काढा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची वेबसाईट आहे, फुकट आहे, दोन्ही महायुद्धांत गेलेल्या आपल्या जवानांची नावं त्यात आहेत. पाचवी मराठा लाईट इन्फंट्री, इटली आणि साल टाकून शोधा. आडनावानं नाही मिळालं तर नुसत्या नावानं बघा, कारण भरतीच्या वेळी साहेबाला जसं ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलंय, एकाच नावाची चार स्पेलिंगं करून बघायची. आपल्या हिंदू जवानांचं तिथं दहन झालं म्हणून कबर शोधू नका, सांग्रो नदीचं किंवा कॅसिनोचं स्मारक अशी नोंद असती. आणि मेन गोष्ट म्हणजे बऱ्याच नोंदींत खाली बापाचं नाव, बायकोचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं. आज्जीच्या आईचं नाव जुळलं की माणूस पक्का. तिथं सर्व्हिस नंबर पण मिळतो, तो घेऊन बेळगावला मराठा रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा, सोबत नातं दाखवणारे कागद जोडा.

निवृत्त तलाठी
वरचं बरोबर आहे. त्याच्याबरोबर आज्जींच्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा मागा, त्यात जन्मस्थळाचा रकाना असतो, बऱ्याचदा गावाचा प्रश्न तिथंच सुटतो. जन्मतारीख मात्र 1 जून दिसली तर ती मास्तरांनी घातलेली समजा, तिच्यावर विसंबून पुढचं काही शोधू नका.

गाव कळलं की मग खरं काम. चंदगड तालुका 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, कोल्हापूर संस्थानात नव्हता, त्यामुळं संस्थानच्या दप्तरात तुम्हाला काही मिळणार नाही. पहिल्यांदा चंदगड तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज टाका, तिथं नसंल तर बेळगाव. गाव नमुना 14 म्हणजे जन्ममृत्यूचं रजिस्टर मागा, आज्जींच्या जन्माची नोंद त्यात असायला पाहिजे. वडिलांचा मृत्यू परमुलखातला, तो गावच्या रजिस्टरात नसला तरी निराश होऊ नका. जुनी पानं मोडीत असतात आणि बऱ्याच ठिकाणी आडनावच नसतं, अमका बिन तमका असं असतं, म्हणजे आज्जींच्या आजोबांचं नाव माहीत पाहिजे. ते आज्जींना विचारून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलली की होणाऱ्या नोंदी. सातबारावर फक्त आजचा मालक दिसतो, फेरफारात अख्खं घर दिसतं, कोण कधी वारलं, मागं कोण राहिलं, वयं किती, मुलगी कुठल्या गावी दिली. एकत्र कुटुंब असंल तर थोरल्या भावाच्या नावापुढं ए.कु.मॅ. (एकत्र कुटुंब मॅनेजर) असं लिहिलेलं असंल, म्हणजे जमीन सगळ्यांची पण नाव एकाचं, तुमचे पणजोबा अशा नावाच्या मागं झाकलेले असू शकतात. आणि एक बघा, आज्जींचे आजोबा जर 1956 च्या वारसा कायद्यानंतर वारले असतील तर आधी वारलेल्या मुलाची मुलगी पण पहिल्या वर्गातली वारस होती. म्हणजे त्या वारसा फेरफारात स्वतः आज्जींचं नाव असू शकतं, नाहीतर असायला पाहिजे होतं.

घटप्रभेकाठी
मी चंदगडचीच. काकांनी शेवटी जे लिहिलंय त्यावरनंच सांगते, राग मानू नका. शहरातनं कोणतरी येऊन जुने फेरफार काढतोय म्हटलं की गावात पहिली शंका जमिनीचीच येती, आणि ज्यांच्याकडं तुम्ही मायेनं जाताय तीच माणसं दार लावून घेत्यात. अर्ज टाकायच्या आधी गावात जाऊन या, आज्जीचा फोटो न्या, जमीन नको, नुसतं घर आणि देव दाखवायचाय म्हणून स्पष्ट सांगा. पलटणीत गेलेला आणि परत न आलेला माणूस गावातली म्हातारी माणसं विसरत नाहीत. आणि हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणारी माणसं, त्यांना विचारा! आमच्याकडं सुगीनंतर यायचे, पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ त्यांच्या वहीत असती.

शिवाजीपेठकर
खूप आभार सगळ्यांचे. ताई, जमीन खरंच नकोय, आज्जीला तिच्या वडिलांच्या घराचा उंबरा बघायचाय एवढंच. उद्या सकाळी पहिल्यांदा शाळेत जातो. आजोबांचं नाव आज्जीला आठवलं, लगेच सांगितलं तिनं. कमिशनच्या साईटवर आत्ताच बसलोय, त्याच नावाचे दोघं दिसतायत, एकाच्या पुढं बायकोचं नावच नाही, आता कसं ठरवायचं?

पलटणवाडी
दोघांचे पण सर्व्हिस नंबर आणि मृत्यूच्या तारखा लिहून घ्या. बापाचं नाव दिलं असंल तर आजोबांच्या नावाशी ताडून बघा. तरी नाही ठरलं तर रेकॉर्ड ऑफिसला दोन्ही नंबर एकाच अर्जात द्या, कुठला ते त्यांना वारसाच्या नोंदीवरनं कळंल.

निवृत्त तलाठी
मोडीतलं पान मिळालं तर फोटो इथंच टाका, पान सपाट ठेवून, उजेडात, फ्लॅश न मारता. मी वाचून देतो.