सोसायटी ग्रुप : वेबसाइटवर फोटो दिसत नाहीत, कॅप्चाही नाही

बी-४०२ : नमस्कार मंडळी. माझ्या लॅपटॉपवर सध्या कुठलीही वेबसाइट उघडली की मजकूर येतो, फोटो मात्र येत नाहीत. नुसत्या रिकाम्या चौकटी. आज नातीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला बसलो तर कॅप्चाच (चित्रातली अक्षरं ओळखून लिहायची ती चौकट) दिसेना. मुदत उद्या संध्याकाळपर्यंत आहे. कुणाला यातलं कळतं का?

ए-१०१ : काका, हिस्टरी, कुकीज सगळं क्लिअर करून टाका.

बी-६०३ : नाहीतर क्रोम काढून परत इन्स्टॉल करा.

ए-७०२ : काका, थांबा! काहीही क्लिअर करू नका. कुकीज गेल्या की सगळ्या साइटवरून लॉग-आउट व्हाल, आणि चुकून 'पासवर्ड'समोर टिक राहिली तर साठवलेले पासवर्डही जातील. मुदत तोंडावर असताना हे नको. आधी दोष साइटचा, ब्राउझरचा की नेटचा ते शोधू. दोन गोष्टी सांगा. तीच साइट मोबाइलवर, घरच्याच वाय-फायवर उघडली तर फोटो दिसतात का? आणि लॅपटॉपवर एज हा दुसरा ब्राउझर उघडून पाहिलंत?

बी-४०२ : मोबाइलवर दिसतात. एज कधी वापरलं नाही, बघतो.

बी-४०२ : एजमध्ये सगळं दिसतंय. कॅप्चासुद्धा!

ए-७०२ : मग फॉर्म आत्ताच एजमधून भरा आणि पावतीची पीडीएफ जपून ठेवा. क्रोमचं नंतर निवांत बघू. आणि पुढे कधी असं अडलं तर कॅप्चाशेजारी स्पीकरचं चिन्ह आहे का बघा. असेल तर अक्षरं ऐकता येतात. सगळ्या साइटवर ही सोय नसते, खरं तर असायला हवी. ज्यांना नजरेने दिसत नाही त्यांनी फॉर्म भरायचा कसा?

सी-१०३ : ताई, आमच्याकडेही फोटो येत नाहीत, पण फक्त दोन-तीन साइटवर. बाकी सगळं व्यवस्थित. हे तेच का?

ए-७०२ : दिसायला सारखं असलं तरी कारण वेगळं असणार, काकू. तुमच्याकडे मोबाइलवरही तसंच होतं का?

सी-१०३ : हो, मोबाइल, लॅपटॉप, मुलीचा टॅब, सगळीकडे. वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर घेतलं की लगेच दिसतात.

ए-७०२ : मग तुमची उपकरणं ठीक आहेत, गडबड ब्रॉडबँडकडे आहे. काकांचं आवरलं की तुमचं बघते.

बी-४०२ : फॉर्म गेला, पावती मिळाली. जीव भांड्यात पडला. आता क्रोमचं सांग बेटा.

ए-७०२ : छान झालं काका. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन एकदम दाबा. इन्कॉग्निटोची, म्हणजे हिस्टरी न ठेवणारी काळी खिडकी उघडेल. त्यात तीच साइट उघडा.

बी-४०२ : तिथेही फोटो नाहीत.

ए-७०२ : चला, दोन संशयित सुटले. आपण वेगळी परवानगी दिल्याशिवाय इन्कॉग्निटोत एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) चालत नाही, म्हणजे जाहिराती अडवणाऱ्या अ‍ॅड ब्लॉकरचा हात नाही. ती खिडकी जुना कॅशे (साइटच्या साठवून ठेवलेल्या प्रती) हीही वापरत नाही, म्हणजे हिस्टरी पुसून काही झालं नसतं. उरली सेटिंग, ती मात्र इन्कॉग्निटोलाही लागू होते. उजवीकडे वरच्या तीन ठिपक्यांतून सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज आणि खाली इमेजेस. तिथे काय निवडलेलं आहे?

बी-४०२ : 'डोन्ट अलाउ साइट्स टू शो इमेजेस'.

ए-७०२ : सापडलं! वरचा पर्याय निवडा, 'साइट्स कॅन शो इमेजेस'. त्याच पानावर खाली बंदी घातलेल्या साइटची यादी असते, तीही रिकामी आहे का पाहा. मग साइट पुन्हा लोड करा.

बी-४०२ : आले सगळे फोटो! नातू गावी हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवत होता, डेटा वाचवायला त्यानेच बंद केलं म्हणतो.

ए-७०२ : डेटा वाचतो हे खरंच आहे. काम झाल्यावर पुन्हा चालू करायचं, एवढंच त्याला सांगा.

बी-६०३ : मला एका साइटवर फोटो दुरुस्त करणारं एक्स्टेन्शन मिळालंय, लिंक टाकू का? खाली हेल्पलाइन नंबरही आहे.

ए-७०२ : दादा, कृपया टाकू नका. फोटो न दिसण्यावर एकच रामबाण एक्स्टेन्शन असूच शकत नाही, कारणं इतकी वेगवेगळी आहेत. उलट असं एक्स्टेन्शन आपण उघडलेलं प्रत्येक पान वाचायची परवानगी मागतं, त्यात बँकेचं पानही आलं. आणि सर्चमध्ये सापडलेल्या नंबरवर फोन करून कुणाला स्क्रीन शेअर करू देऊ नका. ज्येष्ठांचे पैसे असेच जातात. अडलं तर मला फोन करा, मी खाली येते.

सेक्रेटरी : सर्वांनी हे पाळावं ही विनंती. बी-६०३, राग मानू नये.

बी-६०३ : अजिबात नाही. बरं झालं विचारलं.

सी-१०३ : ताई, आमचं बघता का आता?

ए-७०२ : हो काकू. वेबसाइटचं पान आधी मजकूर म्हणून येतं आणि त्यात प्रत्येक फोटोचा पत्ता लिहिलेला असतो. ब्राउझर त्या पत्त्यांवरून फोटो एकेक करून मागवतो. मोठ्या साइटचे फोटो बहुतेक वेळा दुसऱ्याच नावाच्या सर्व्हरवर असतात. म्हणून पान येतं आणि फोटो अडकतात. आता लॅपटॉपवर रिकाम्या चौकटीवर राइट क्लिक करून 'ओपन इमेज इन न्यू टॅब' निवडा. काय येतं?

सी-१०३ : 'धिस साइट कान्ट बी रीच्ड'. खाली डीएनएस असं काहीतरी.

ए-७०२ : तेच! नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधायचं काम डीएनएस करतं, आणि तुमच्या ब्रॉडबँडवाल्याच्या डीएनएसला तो पत्ता मिळत नाहीये. क्रोममध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग सिक्युरिटी, तिथे 'यूज सिक्युअर डीएनएस'. ते चालू करून यादीतून गूगल किंवा क्लाउडफ्लेअर निवडा. राउटरला हात लावायची गरज नाही.

सी-१०३ : अगंबाई, आले! मोबाइलवर काय करू?

ए-७०२ : अँड्रॉइड असेल तर सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' शोधा आणि त्यात डीएनएस डॉट गूगल असं इंग्रजीत भरा. पण तक्रार कराच, नाहीतर त्या कंपनीचं नेट असलेली बाकीची घरं अडून राहतील.

सेक्रेटरी : आपल्या सोसायटीच्या साइटवर मी टाकलेले गणपतीचे फोटो मलाच दिसत नाहीत. तेही डीएनएसमुळे का?

ए-१०१ : मलाही दिसत नाहीत, मोबाइल डेटावरही नाही.

ए-७०२ : सगळ्यांना सगळीकडे दिसत नाहीत म्हणजे दोष साइटवरच. फाइलचं नाव तपासते... हं, फाइलच्या नावात शेवटचं 'जेपीजी' मोठ्या लिपीत आहे आणि पानावर छोट्या लिपीत. विंडोजला दोन्ही सारखीच, पण आपली साइट लिनक्स सर्व्हरवर आहे, तिथे त्या दोन वेगळ्या फाइली ठरतात. नावं बदलते.

बी-२०५ : आमच्या जुन्या मॅकवर एका साइटचे जुने फोटो दिसतात, नवे नाही. सिस्टीम हाय सिएरा आहे, ब्राउझर सफारी १३.

ए-७०२ : नवे फोटो बहुधा वेबपी या नव्या फाइल-प्रकारातले असतील. सफारीला ते २०२० सालच्या १४व्या आवृत्तीपासून कळायला लागले, आणि हाय सिएरावर सफारी १३च्या पुढे जात नाही. फायरफॉक्स ब्राउझरची ११५ ईएसआर (जास्त काळ अपडेट मिळणारी) आवृत्ती त्यावर चालते, तिच्यात दिसतील. बँकेची कामं मात्र नव्या मशीनवरच करा.

सी-१०३ : तक्रारीत नेमकं काय लिहू? ते लोक दरवेळी राउटर बंद-चालू करायलाच सांगतात.

ए-७०२ : असं लिहा : 'आपल्या डीएनएसवरून पुढील सर्व्हरचं नाव सापडत नाही. मोबाइल डेटावर आणि दुसऱ्या डीएनएसवर तोच सर्व्हर उघडतो. राउटर बंद-चालू करून पाहिला आहे.' खाली फोटोच्या टॅबमधला पत्ता चिकटवा आणि त्या एररचा स्क्रीनशॉट जोडा. तक्रार क्रमांक मिळाला की इथे टाका, त्याच कंपनीचं नेट असलेल्यांनी त्याचा उल्लेख करून आपापली तक्रार नोंदवावी.

सी-३०१ : आमचं त्याच कंपनीचं आहे. काकू, क्रमांक टाका, मीही लगेच करतो.